दहा वाजताची उपासना

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांनाही नाही. देवाला सांगितलं, पण तेही गोलगोल — माझ्या अपराधांची क्षमा कर, एवढंच. कुठला अपराध, ते नाव तिथंही घेतलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आमचा पंथ लहान. मोठ्या मिशनच्या चर्चसारखा घंटा, शाळा, दवाखाना असला थाट आमच्याकडं कधी नव्हता. पैठणच्या अंगाला दोन-चार खेडी, वर अजिंठ्याकडं थोडी घरं, आणि शहरात आम्ही. तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. उस्मानपुऱ्यात एका दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत आमची उपासना व्हायची. पंखा एक, आणि तोही खालच्या दुकानदाराच्या मर्जीवर.

माझं माहेर पैठणच्या वाटेवरचं. आई लवकर गेली, आत्यानं वाढवलं. रत्नाआत्या. नवरा नाही, मूल नाही — मी होते, आणि गावातलं आमचं पत्र्याचं प्रार्थनाघर होतं. ते झाडायचं, सतरंज्या अंथरायच्या, आणि उपासनेला उशीर करणाऱ्याच्या दारात जाऊन असं काही बोलायचं की तो चूळसुद्धा न भरता पळत यायचा. तिला सगळे भ्यायचे. मीही भ्यायचे.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. जायकवाडीचं पाणी गावाशेजारून मोठ्या पाइपातून शहराला जायचं, आणि गावाला टँकर. पोरं वाळूजच्या कंपन्यांत लागली, काही घरं उसतोडीला गेली ती नीट परतलीच नाहीत. गावातली मंडळी आटत चालली. आटली, पण संपली नव्हती — हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. प्रार्थनाघर अजून भरत होतं.

आणि आमच्याकडं? शहर चहूकडं सुटलं होतं, माणसं येत होती, पण आमच्यापर्यंत येईनात. आली तरी टिकेनात. गिटार, ड्रम, मोठाले स्पीकर असलेल्या नव्या मंडळ्या निघाल्या होत्या, आमची तरुण पोरं तिकडं जायची. पंथाला पूर्णवेळ पाळक एकच, आणि ते राहायचे आत्याच्या गावात. आम्हाला महिन्यातून एक रविवार. मी जळायचे. खरं सांगते, जळायचेच. पाळक इथं आले नाहीत तर वर्षभरात ही खोली सोडावी लागेल, असं मला वाटायचं. ते खोटंही नव्हतं. पण म्हणून काय?

पंथाच्या अध्यक्षांनी ठरवलं, की आपण स्वतः जाऊन बघायचं. जिथं माणसं बसलेली दिसतील तिथं पाळक राहतील. साधा माणूस, डोळ्यांवर विश्वास ठेवणारा. गावाची वाट मला माहीत, म्हणून त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं.

आता गावात त्या वर्षी उपासना सकाळी लवकर व्हायची. कारण रविवारी दहाच्या सुमाराला टँकर यायचा. तो विहिरीत पाणी ओतायचा, आणि अख्खं गाव घागरी, दोर, पोहरे घेऊन विहिरीवर. तिथं देवमाणूस, साधामाणूस असा भेद नव्हता. जो मागं राहिला तो पुढच्या टँकरपर्यंत तहानलेला. हे मला माहीत होतं. अध्यक्षांना नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी उपासना दहाला आहे. गावाला निरोप दिला, साहेब दहाला येतील, तोवर थांबा. आणि रविवारही असा निवडला, की पाळक त्या दिवशी शहरात असतील.

दिसतंय ना तुम्हाला? मला तेव्हा वाटत होतं की यात मी खोटं असं काहीच बोललेले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थनाघरात सतरंज्या अंथरलेल्या होत्या आणि त्यावर एकटी आत्या. बाकीचे सकाळपासून बसून, गाऊन, वाट बघून, टँकरचा हॉर्न वाजल्यावर उठले होते. विहीर गावाच्या पार पलीकडं. आत्या उठली नव्हती. पाहुणे येणार, घर रिकामं दिसायला नको — म्हणून तिनं आपलं पाणी सोडलं होतं. तिची घागर दाराशी तशीच कोरडी ठेवलेली. तिनं आम्हाला बघून एकटीनंच गीत धरलं.

अध्यक्षांनी विचारलं, बाकीचे कुठं आहेत? आत्या म्हणाली, "पाण्याला गेलेत साहेब. येतील आता. बसा की."

ते बसायला लागले होते. बसले असते. अर्ध्या तासात घर भरलं असतं.

मी त्यांना जरा बाजूला घेतलं. पण आवाज काही खाली आणला नाही. मी म्हणाले, आत्याला असंच वाटतं, साहेब. वय झालंय. गावात आपलं कुणी उरलेलं नाही.

जिनं मला अक्षर शिकवलं, तिला मी तिच्यासमोर वेडी ठरवलं. आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिची जीभ तुम्हाला सांगितलीच — एका वाक्यात तिनं मला उघडी पाडली असती. पण तिनं मला सांभाळून घेतलं. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, जशी आजाऱ्यासाठी करतात, आणि आम्ही निघालो.

पाळक शहरात आले. त्यांच्या मुलांच्या शाळेची सोय झाली, त्यांनी फार विचारलं नाही. गावातून निरोप येत राहिले, ते माझ्याकडंच येत. मी म्हणायचे, बघते. महिन्यातून एकदा जायचं ठरलेलं, ते सणावर गेलं, मग तेही राहिलं. गावातली जी घरं वाळूजला आली ती आमच्यात बसू लागली, आणि आम्ही म्हणायला लागलो, मंडळी वाढली. वाढली कुठली? इकडची तिकडं सरकली. जी सरकली नाहीत त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

नाताळला मी आत्याकडं गेले. तिनं भाकरी वाढली, शेंगदाण्याची चटणी वाढली. त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. फक्त विचारलं, "पाळक बरे हायेत ना?" ओरडली असती तर मी सुटले असते.

आणखी एक आहे. ते सांगायलाच बसले होते, आणि इतका वेळ टाळत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वाळूजला आमच्या नव्या प्रार्थनाघराचं समर्पण होतं. मांडव, नवे कपडे, अध्यक्ष आलेले. मंडळी कशी वाढली ते मी वाचून दाखवायचं होतं. तेवढ्यात फोन आला. आत्याच्या शेजारचा भिवा, मेंढरं राखणारा. म्हणाला, "बाई, म्हातारी सकाळीच गेली. लई ऊन हाय, ठिवता यायचं नाय. पाळकाला घिऊन कवा येता?"

पाळक माझ्यापासून हाकेच्या अंतरावर उभे होते. पण सांगितलं असतं तर अध्यक्षांनी विचारलं असतं, कोण गेलं? ती म्हातारी? तेही गावाला आले असते मातीला, आणि तिथं त्यांना गावात उरलेली सगळी मंडळी भेटली असती.

मी म्हणाले, आज जमत नाही. तुम्ही उरकून घ्या.

 भिवा म्हणाला, "आमाला तुमचं काय ठावं नाय, बाई, अन् तुमच्यातली हितं हायेत त्यांनाबी पाठ नाय, ते पाळकच म्हणायचे. मातीच्या टायमाला तुमच्यात काय म्हणतेत, तेवढं तरी सांगा. आमी म्हणतो."

ते शब्द मला पाठ होते. आत्यानंच पाठ करून घेतले होते. भिवा थांबला होता, फोनमधून मेंढरांचा आवाज येत होता. मांडवातून कुणीतरी माझं नाव पुकारलं, आणि मी काही न सांगता फोन बंद केला.