अव्वाच्या घरचा राऊटर

नवी पेठेतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या दुकानात सिद्धेश्वरी शिरली की दुकानदार कपाळाला हात लावायचा. बाकीची गिऱ्हाइकं राऊटर घेताना अँटेना मोजतात. ही बाई तो उलटा करून आधी तळाचं लेबल वाचायची आणि मग सरबत्ती सुरू करायची. "मेमरी किती? आतलं सॉफ्टवेअर बदलता येतं, की कंपनीनं कुलूप घातलंय? झाकणाला स्क्रू हायेत ना?"

"ताई, नेट चालतंय की! अजून काय पाहिजे?"

अजून पुष्कळ पाहिजे होतं. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्याच्या हुकमानं बिलं करणाऱ्या या बाईला घरी एक तरी वस्तू पूर्ण आपल्या हुकमातली हवी होती. जाहिराती अडवणारी, लांबून हाताळता येणारी, सहसा न रुसणारी. नवरा महेश्वर म्हणायचा, "लोकांच्या बायका सोनं मागतात, आमची रॅम मागते." हौसेला मोल नसतं म्हणतात. ते खरंही असेल, पण हौसेला भान असावं एवढं म्हणायला हरकत नाही.

तिचा सगळ्यात लाडका राऊटर सोलापुरात नव्हताच. तो होता अक्कलकोटला, तिच्या आईच्या घरी. महानंदाबाई, म्हणजे सिद्धेश्वरीची अव्वा, तिथं एकटी राहायची. गल्ली सखल, भिंती दगडी, मोबाईलला रेंजच नाही. फोन लागायचा तो वायफायवरूनच. वडील गेल्यावर अव्वानं जेवणातलं लक्षच काढून घेतलं होतं. "एकटीनं ताटावर बसायचं म्हंजे शिक्षा की गं," म्हणायची. मधुमेहाच्या माणसानं असं करून कसं चालेल? म्हणून लेकीनं राऊटर बसवला आणि रोज सकाळी मायलेकींची पंगत बसू लागली. अव्वा इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन, भाकरीचं ताट वाढून फोन भिंतीला टेकवायची. इकडे सिद्धेश्वरी पोह्यांची बशी घेऊन समोर बसायची. एकमेकींना दिसल्याशिवाय दोघींपैकी कुणी घास उचलायचा नाही. पंगतीत समोरचं पान रिकामं असताना जेवायला सुरुवात करायची नसते, हे अव्वाचं घरातलं जुनं शिस्तीचं वळण.

त्या रविवारी सकाळी राऊटरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. हौशी लोकांच्या ग्रुपवर एक नियम सगळ्यांना पाठ असतो: राऊटरजवळ जाणतं माणूस नसेल, तर लांबून त्याचं सॉफ्टवेअर बदलायचं नाही. सिद्धेश्वरीनं हा नियम नवख्यांना कितीदा तरी ऐकवला होता. शिवाय या राऊटरमध्ये सॉफ्टवेअरची एक राखीव प्रत असायची. नवी बिघडली की जुनी आपोआप उभी राहायची. पण जाहिराती अडवायच्या प्रोग्रामला जागा हवी म्हणून बाईसाहेबांनी ती राखीव प्रतच पुसून टाकली होती. दुसऱ्यास सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच.

तिनं बटण दाबलं. राऊटर बंद झाला आणि परत आलाच नाही.

आधी तिला नुसता राग आला. मग तिनं अव्वाला फोन लावला. संपर्कक्षेत्राबाहेर. शेजारच्या कमलम्माला लावला. तोही तसाच. तेव्हा आठवलं, राऊटर जोरदार आहे म्हणून आपणच मोठेपणानं सगळ्या गल्लीला पासवर्ड वाटलाय. त्या गल्लीतल्या एकाही माणसापर्यंत आता पोचता येत नव्हतं.

आणि मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. अव्वानं इंजेक्शन घेतलं असणार. पान वाढून ती वाट बघत बसली असणार. इन्सुलिन अंगात, पोटात अन्नाचा कण नाही. साखर उतरणार, घाम सुटणार, शुद्ध जाणार.

महेश्वर ड्युटीवर कुर्डुवाडीला. सिद्धेश्वरीनं स्कूटर काढली. वाटेतलं वळसंग आलं तरी तिनं वेग कमी केला नाही. "सिद्धरामेश्वरा, खाल्लं असू दे तिनं," एवढंच ती पुटपुटत होती. मध्येच थांबून तिनं पुन्हा फोन लावला. तेच उत्तर. पुढे ट्रॅक्टरमागं अडकली तेव्हा ती रस्त्यातच रडायला लागली. आईला आपण मारलं, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

अव्वाच्या घराचं दार उघडंच होतं. अव्वा भिंतीला टेकून बसलेली, मान एका बाजूला कललेली, कपाळावर घामाच्या धारा. समोर भाकरी, शेंगाची चटणी. घास मोडलेला नव्हता.

"अव्वा! ए अव्वा!"

अव्वानं डोळे किलकिले केले आणि ती काहीतरी अर्धवट कन्नडमध्ये बरळली. घोट गिळता येतोय हे बघून सिद्धेश्वरीनं घाईघाईनं साखरपाणी पाजायला घेतलं. निम्मं लुगड्यावर सांडलं. तोवर हाका ऐकून कमलम्मा धावत आली, तिनं अव्वाला पाठीमागून सावरून धरलं. हळूहळू नजर थाऱ्यावर आली.

"खायचं नाही का गं तू? इंजेक्शन घेतल्यावर?" सिद्धेश्वरी ओरडलीच.

"तू दिसलीस न्हाईस की. तुजं काय बरं-वाईट झालं का काय म्हणून घासच उचलंना."

राऊटर बसवल्यापासून त्या दिवशी दोघी पहिल्यांदाच एका ताटात जेवल्या. लेक नुसतीच भाकरी कुस्करत होती, अव्वा मात्र चवीनं खात होती. शेवटी सिद्धेश्वरीच्यानं राहवेना.

"अव्वा, राऊटर मीच बंद पाडला. चांगला चालत होता, आणि मीच."

अव्वानं तिच्या पुढ्यात भाकरीचा चतकोर सरकवला.

"चांगलाच हाय की गं तो. लई चांगला हाय. म्हणूनच तर तू येत न्हाईस."