नारू रजिस्टरात नव्हता

तीस वर्षं कंपाउंडरकी केली मी. औषधांचं कपाट निम्मा काळ रिकामंच असायचं, किस्से मात्र कधी कमी पडले नाहीत. कधी कधी तर पेशंटच्या आधी किस्साच दारात हजर! चहा झाला की मंडळी म्हणतात, "कंपाउंडर, होऊन जाऊ द्या." तर आज नारूचा सांगतो. गाव माण तालुक्यातलं. नाव सांगणार नाही, तिथली माणसं भांडायला एसटीनं येतात.

दुसऱ्या लढाईचे दिवस होते. जिल्हा लोकल बोर्डाचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक बाक, मी आणि डॉक्टर मगदूम. डॉक्टर सांगलीकडचे जैन. अंगानं काडी, पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचे नाहीत.

*

आम्ही पट्ट्या आणि टिंक्चर मागवलं. दोन महिन्यांनी हा एवढा खोका आला. उघडतो तर आत पोस्टरं! स्वच्छतेची, रंगीत, आणि सगळी कानडीत! दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याचा माल आमच्या गळ्यात पडला होता.

मी म्हटलं, "परत पाठवतो."

"परत कशाला? मला येतंय की कानडी. लावा भिंतीला!"

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर भिंतीसमोर उभे राहून आधी कानडीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. दोन म्हाताऱ्यांना वाटलं, हे मंत्र म्हणतायत. त्या पोस्टरला हळदकुंकू वाहून गेल्या. मी पुसायला निघालो तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या हो, निदान बघतायत तरी!"

*

गावाला खरी पीडा नारूची. हा लांबलचक जंत पाण्यातून पोटात जाणार आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणार. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस आडवा. ऐन पेरणीत निम्मं गाव ओसरीवर पाय धरून बसलेलं असायचं.

डॉक्टर घरोघर सांगायचे, "पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या." ते स्वतः जन्मापासून गाळूनच प्यायचे, जैनांची रीतच ती. झालं! गावात बोभाटा, डाक्टर समद्यांना जैन करायला आलाय!

तान्हूबाई म्हणून एक फटकळ म्हातारी होती. ती दवाखान्यात येऊन कडाडली, "आवं डाक्टर, आमी मटान खानारी मानसं. आमचा धरम का बाटवताय?"

डॉक्टर हात जोडून म्हणाले, "मावशी, मटण खुशाल खा. फक्त पाणी गाळून प्या. मटणात नारू नसतो!"

म्हातारी हसली, पण फडकं काही लावलं नाही.

*

गाळण्यावर भागेना, तेव्हा डॉक्टरांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. गावची विहीर पायऱ्यांची. लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहायचे आणि घागर भरायचे. डॉक्टरांनी बोर्डाला लिहिलं : पायऱ्या बुजवा, वर रहाट बसवा.

उत्तर आलं : "आपल्या रजिस्टरात नारूचा एकही रुग्ण नाही. सबब कामाची आवश्यकता दिसत नाही."

आता नारूवाला चालत दवाखान्यात येणार कसा? आणि आला नाही तर रजिस्टरात चढणार कसा? डॉक्टरांनी परवानगी मागितली, घरोघर जाऊन नोंद करतो. उत्तर : "रजिस्टर दवाखान्याबाहेर नेऊ नये."

मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. डॉक्टर उठले, दारावरची दवाखान्याची पाटी काढली आणि शेजारच्याच्या बैलगाडीला बांधली.

"आता ही गाडी म्हणजे दवाखाना. घ्या रजिस्टर, बसा आत!"

*

महिनाभर दवाखाना गल्लोगल्ली फिरला. रजिस्टर भरलं, पुरवणी जोडली आणि ऐटीत वर पाठवली.

बोर्डाचं उत्तर या वेळी लगेच आलं : "एका महिन्यात रोग इतका कसा फैलावला? आपल्या फिरण्यामुळे फैलावला काय, याचा खुलासा करावा."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी शांतपणे दौतीत टाक बुडवला. "खुलासा मागतायत ना? मग इथं येऊनच बघा म्हणावं." तेव्हापासून दर सोमवारी एक पत्र जायचं. मजकूर तोच, तारीख नवी.

*

तान्हूबाईचा मुलगा ज्ञानू मुंबईला गिरणीत होता, वर्षापूर्वी जत्रेला घरी राहून गेलेला. तिथं त्याच्या पायातून नारू निघाला, म्हणून तो गावी आला. आग आग व्हायची, तेव्हा बिचारा विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचा. गावात सगळे तेच करायचे.

डॉक्टरांनी पाहिलं आणि धावत पायऱ्या उतरून त्याला काखेत धरून वर आणलं. तान्हूबाई शिव्या घालत आली. डॉक्टर तिला म्हणाले, "मावशी, त्या फोडातनं नारूची पिलं पाण्यात सुटतात. तेच पाणी पुढं सगळं गाव पितं."

म्हातारीनं ज्ञानूचा पाय मांडीवर घेतला. "म्हंजी माज्या ल्योकानं गावाला नारू पाजला? आन् त्येला कुनी पाजला?"

मला तर रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून तान्हूबाई काठी घेऊन विहिरीच्या तोंडाशी बसू लागली. आधी पाय दाखवा, मग पायरी उतरा! पाटलालाही तिनं वहाणा काढायला लावल्या.

*

सोमवारच्या पत्रांना कंटाळून शेवटी बोर्डाचे एक बडे साहेब मोटारीनं आले. भर उन्हाचे. डॉक्टरांनी विहिरीच्या कामाचा कागद सहीसाठी पुढं धरला. साहेबांनी तो हातानंच बाजूला सारला आणि ते विहिरीत डोकावले.

"पाणी तर आरशासारखं आहे! उगाच गाव बदनाम करताय तुम्ही, मगदूम. नारू-बिरू काही नाही इथं."

तान्हूबाई पायऱ्या उतरली. तांब्या भरला आणि वर येऊन साहेबांपुढं धरला.

मी चपापलो. "अगं मावशी, गाळलं नाहीस!"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सायेब म्हंत्यात, नारू न्हाई. मग गाळायचं कशाला? घ्या सायेब, उनाचं आलायसा. प्या."

सगळं गाव बघत होतं. साहेबांनी तांब्या हातात घेतला. पाण्याकडं पाहिलं, मग ओट्यावर पाय पसरून बसलेल्या ज्ञानूकडं. त्याच्या घोट्याला काडी बांधलेली होती.

त्यांनी तांब्या सावकाश कठड्यावर ठेवला.

"मगदूम, तो कागद आणा इकडं. पेन आहे का कुणाकडं?"