गच्चीवर लागलेला निकाल

वरच्या मजल्यावर कुणीतरी कुरडयांचा चीक शिजवतंय. तो आंबूस वास दवाखान्यात शिरला आणि मी थेट नाशिक रोडच्या आमच्या जुन्या गच्चीवर पोचले.

कॉलनीत लायब्ररीचं एकच पुस्तक घरोघर फिरायचं आणि त्याचा निकाल कुरडया घालताना लागायचा. तेव्हाची कादंबरी दोन भांडकुदळ डॉक्टरांच्या प्रेमाची होती. शेवटी लग्न होतं आणि ती आपला दवाखाना बंद करते.

"काय गोड शेवट केलाय!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"छे! एवढी भांडली आणि लगेच विरघळली?" समोरच्या वहिनी फणकारल्या.

"मग काय, एका घरात दोन दवाखाने?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

मी नवी सून, डॉक्टर. माझ्या दवाखान्याचा विषय सासरे उडवून लावायचे. मी खाली मान घालून सोऱ्या दाबत राहिले. तळवे भाजत होते.

"त्यानं का नाही बंद केला?" सासूबाई एकदम कडाडल्या. "आमच्या हिचा दवाखाना अक्षय्यतृतीयेला उघडतोय. सगळ्यांनी यायचं. चीक गार होतोय, हात चालवा."

तेव्हा वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. आज कळतं, त्यांनी मुद्दामच गच्ची निवडली होती. सासऱ्यांना ही बातमी शेजाऱ्यांकडून कळली. अभिनंदनासकट.