फक्त निवळी घातली होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दोन-तीनदा तिच्यासमोर तोंड उघडलं, आणि मग — चहा टाक, एवढंच म्हणालो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? माहीत नाही.

मी जालन्यात एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो. समोरच्या घरात युनूस राहायचा. बारा वर्षं तो जेद्दाला होता, एका हॉटेलातले माशांचे टँक सांभाळायला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत आला तो आता जायचं नाही, असं ठरवूनच. त्याची बायको, शमीमभाभी, आणि दोन मुली इथंच होत्या. धाकटी त्याला अब्बा म्हणायलाही लाजायची.

त्यानं पुढच्या खोलीत समुद्र मांडला. दुसरा शब्द नाही त्याला. चार फुटी काचेची पेटी, खारं पाणी, आणि मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यातून आणलेले जिवंत प्रवाळ. ज्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, त्या गल्लीत. एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी तसाच टँक करून मागितला होता. रविवारी ते पेटी बघायला येणार होते. ते काम जमलं, की आणखी कामं मिळतील आणि जेद्दाला परत जावं लागणार नाही, असा युनूसचा हिशोब. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं — हे आधीच सांगून ठेवतो.

प्रवाळ पाण्यातलं कॅल्शिअम घेऊन आपलं घर बांधतात. ते रोज कमी होतं, रोज भरून द्यावं लागतं. कसं द्यायचं, यावरून आमचा वाद. युनूस चुन्याची निवळी द्यायचा. भिंतीला खिळा, खिळ्याला सलाईनची बाटली, नळीतून थेंब थेंब. पण पेटीतलं जेवढं पाणी हवेत उडेल, तेवढीच निवळी घालता येते. उन्हाळ्यात भरपूर उडतं. श्रावणातल्या दमट हवेत उडेना, आणि कॅल्शिअम खाली येत चाललेलं. मी म्हणायचो, दोन बाटल्या कर — एकीत कॅल्शिअम क्लोराइड, दुसरीत सोडा. पाणी उडो न उडो. माझं म्हणणं चूक नव्हतं. अजूनही नाही. पण त्यानं काय होतं?

एकदा चार लोक बसलेले असताना तो म्हणाला, "सर, पुस्तकात बराबर असंल. पन मी बारा वर्षं हेच करून राह्यलो. हळू जातंय तेच बरंय." लोक हसले. तो नाही हसला, तो साधेपणानं बोलला होता. पण मी घरी आलो तो धुमसतच. सातवी शिकलेला माणूस मला शिकवतो? — असं मनात आलं. आलं होतं, नाही कशाला म्हणू.

गुरुवारी तो डॉक्टरांच्या टँकसाठी पंप आणायला मुंबईला गेला. सकाळ-संध्याकाळ बाटलीत निवळी भरायची, एवढंच काम माझ्यावर सोपवून गेला. दुपारी मी पाणी तपासलं. थेंब मोजून, रंग बदलेपर्यंत. कॅल्शिअमचा आकडा कमीच. मला वाटलं, हा परत येईल तेव्हा आकडा वर गेलेला असावा. मी काही बोलणारच नाही, त्यानंच तपासावं आणि विचारावं, सर, हे कसं झालं?

मी लॅबमधून कॅल्शिअम क्लोराइड आणलं, किराणा दुकानातून धुण्याचा सोडा. दोन्ही दोन वेगळ्या मगांत पाण्यात विरघळवलं. एक मग पेटीत ओतला, पाच मिनिटांनी दुसरा. पाण्यात धुकं आलं. आकडा हलला नाही. दोन्ही एकमेकांना भेटून नुसता खडू तयार होत होता — अकरावीच्या पोरांना मी हेच शिकवायचो. मी पुन्हा ओतलं. मग आणखी एकदा. का? कारण आकडा वर जायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी पाणी ताकासारखं होतं. प्रवाळ मिटलेले, त्यांच्यावरून चिकट काहीतरी ओघळत होतं. मासे आडवे. मी ते दोन्ही मग धुतले, पुड्या पिशवीत घातल्या, सलाईनची बाटली नीट टांगली. तेवढ्यात आतून भाभी आल्या. पेटीकडं बघून जागच्या जागी थांबल्या.

मी म्हणालो, "भाभी, फरशी कशानं पुसली होती?"

एवढंच. खोटं बोललो नाही, नुसतं विचारलं — कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. डॉक्टर येणार म्हणून त्या रोज फिनाइलनं खोली पुसत होत्या; माशांना ते विष. त्यांचा चेहरा उतरला. "मेरे हाथ से हुआ क्या, सर?" मी पेटीकडं बघत राहिलो.

शनिवारी युनूस आला, तेव्हा भाभींनी आपण होऊन त्याला फिनाइलचं सांगितलं. तो ओरडला नाही. पेटीतल्या पंपावर बसलेला पांढरा थर त्यानं नखानं खरवडला, बोटांत चोळला. मग मला विचारलं, "सर, तुम्ही काही घातल्तं का?"

"फक्त निवळी. तू सांगितली तेवढीच."

त्यानं मान हलवली. मला वाटतं, त्याचा विश्वास बसला. की बसला नव्हता, आणि त्याला माझी लाज राखायची होती? हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

डॉक्टर दारातूनच परत गेले. कित्येक दिवस युनूस भाभींशी बोलला नाही. अडीच महिन्यांनी तो जेद्दाला गेला, आणि सात वर्षांनी परत आला. मधल्या काळात त्याचे वडील वारले. माती द्यायलाही त्याला पोचता आलं नाही. भाभी माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, माझ्यामुळं परत जेद्दाला जावं लागलं त्यांना. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होतो. ऐकलं. पुढचा पेपर घेतला.

ते दोघं अजून समोरच राहतात. आज सकाळी युनूसनं गच्चीवरून हात केला. मीही केला.