बापाच्या वाट्याचा पेटा

पर्पेचुआ नेलिमाला सगळं जमायचं, फक्त पोरांना केविलवाणं दिसायला शिकवणं काही जमलं नाही. किमिलिलीच्या बाजारामागच्या त्या बालगृहात नवरा गेल्यावर ती भांडी घासायला आली होती. वर्षभरात भांडी दुसऱ्याच्या गळ्यात मारून तिनं चूल ताब्यात घेतली, आणि संचालकासकट सगळ्यांवर ओरडायचा हक्कही कुणाला न विचारता घेऊन टाकला. पोरं तिला आई म्हणत. आई म्हटलं की मार चुकेल असं ज्यांना वाटे, ती लवकरच शहाणी होत.

बालगृह चालायचं परदेशातल्या दात्यांवर. एक दाता, एक मूल. दात्यांना पाठवायचा फोटो काढताना संचालक सिताती कुजबुजायचा, "दात कमी. अजून कमी." नेमकी तेव्हाच पर्पेचुआ त्याच्या पाठीमागून तोंड वेडावायची. त्यामुळे डेन्मार्कातल्या कितीतरी भिंतींवर आमची गरीब बिचारी पोरं खदाखदा हसत लटकली आहेत.

खाकासा त्यातलीच एक. आईबाप गेल्यावर नाकातला शेंबूड घेऊन आलेली ही पोर आता आठवी पास झाली होती, आणि मुलींच्या निवासी शाळेत तिला जागा मिळाली होती. फी भरणार होत्या तिच्या डेन्मार्कच्या दात्या, इंगाबाई. त्यांनी हात आखडता घेतला तर शिक्षण तिथंच संपलं. मावशी तिला घरी नेऊन उजवायला टपलेलीच होती. आणि यंदा इंगाबाई स्वतः भेटायला येणार होत्या.

"पर्पेचुआबाई, पाहुणीसमोर फक्त पेज," सितातीनं बजावलं. "पोरांच्या पायात बूट नकोत. आणि कोंबडी तर अजिबात नको."

"कोंबडी नको?" तिनं पळी खाली ठेवली. "अरे, तुझ्या आईनं कर वसुलीला आलेल्या माणसालासुद्धा कोंबडी वाढली होती, माझ्या डोळ्यांदेखत! आणि ही बाई समुद्र ओलांडून येणार नि पेज पिऊन जाणार? आपण बुकुसू जमातीची माणसं आहोत की कोण?"

"आपण गरीब आहोत. तेवढं तिला दिसलं पाहिजे."

"ते तुझं तोंड बघून दिसेलच की."

इंगाबाई आल्या तेव्हा पोरं चर्चच्या कपड्यांत, बूट घालून, पायांना तेल चोपडून चकाकत उभी होती. गाणी झाली, नाच झाला. अंगणातला सगळ्यात माजलेला कोंबडा पातेल्यात रटरटत होता. इंगाबाईंना आमची भाषा येत नव्हती, पर्पेचुआला त्यांची. सितातीला दोन्ही येत, पण तो भाषांतरात स्वतःचंच जास्त घालतो म्हणून पर्पेचुआनं मधे खाकासाला बसवलं.

ताटं मांडली गेली. इंगाबाईंनी सगळीकडे पाहिलं, त्यांचे डोळे पाणावले, आणि त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. खाकासाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. मग तिनं वर्गात धडा वाचावा तसं सांगितलं, "त्या म्हणतात, मला इतकं सुखात बघून त्यांचं मन भरलं. मला आता त्यांची गरज नाही. यापुढं त्या जास्त गरजू मुलाला मदत करतील."

सितातीनं पर्पेचुआकडे असं पाहिलं, की तोंडानं काही बोलायची गरजच उरली नाही. कोंबडा आपण कापला आणि मान पोरीची गेली, हे पर्पेचुआला लख्ख कळलं. ती घाबरली, अगदी मनापासून घाबरली. आणि घाबरली की ती जास्तच उद्धट व्हायची.

तिनं पातेल्यात पळी घातली आणि कोंबड्याचा पेटा, पोटातली ती चिवट पिशवी, बाहेर काढला. आमच्यात तो मान घरच्या कर्त्या पुरुषाचा. सितातीनं सवयीनं ताट पुढं सरकवलंसुद्धा होतं. त्याच्या ताटावरून पळी तशीच पुढं गेली आणि पेटा इंगाबाईंच्या ताटात पडला. म्हातारा रखवालदार जोरात खाकरला. इंगाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या चावत राहिल्या. पेटा काही मऊ प्रकरण नव्हे. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत बसले.

"गिळला?" पर्पेचुआनं विचारलं. "आता सांग तिला, खाकासा. एक शब्द गाळलास तर बघ! म्हणावं, हा पेटा घरातला बाप खातो. बाईच्या ताटात तो कधी पडत नाही. तू खाल्लास, आता तू पाहुणी नाहीस, ह्या पोरीचा बाप आहेस. आणि पोरगी हसतेय म्हणून फी थांबवणारे बाप तुमच्याकडे असतील. आमच्याकडे असल्या बापाच्या तोंडात शेण घालतात."

खाकासानं शेणासकट सगळं सांगितलं. सितातीनं कपाळाला हात लावला.

इंगाबाईंनी बोटं पुसली, चष्मा चढवला, आणि खाकासाकडे वळून तुटक आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली?" पर्पेचुआ ओरडली.

"विचारतात..." पोरीचा आवाज चिरकला, "गणितात एवढे कमी मार्क का."

निकाल दरवर्षी डेन्मार्कला जायचा, पण असं तिला तिकडून कुणी कधी विचारलं नव्हतं. ती नापास झाली तेव्हाही तिकडून शाबासकीच आली होती, सोबत देवदूताचं चित्र. मघाशी 'गरज नाही' हे ऐकून जी रडली नव्हती, तिच्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहू लागलं. नाक ओढत तिनं उत्तर दिलं आणि आईला सांगितलं, "म्हटलं, सर नीट शिकवत नाहीत."

इंगाबाईंनी लगेच बोट उगारून काहीतरी सुनावलं.

"त्या म्हणतात, थाप. नव्या शाळेत गेल्यावर असली कारणं ऐकून घेणार नाही."

"बरोबर बोलतोय बाप," पर्पेचुआ म्हणाली, आणि तिनं इंगाबाईंच्या ताटात मक्याच्या उगालीचा आणखी एक गोळा वाढला.