खिळ्यावरची किल्ली

दहिसरला आमच्या खालच्या मजल्यावरच्या फोनवर निरोप आला, दादा कारखान्यात काम करतानाच गेला. त्याला घाटकोपरच्या चाळीतल्या घरी आणणार होते. मी आधी पोचून दार उघडायला हवं होतं. पिठाचे हात धुताना पहिला विचार आला तो किल्लीचा... खिळ्यावर असेल ना?

त्या चाळीत आम्ही दोघंच भावंडं वाढलो. दादा साकीनाक्याला कामाला, मी शाळेत शिकवायला. किल्ली एकच, म्हणून ती शेजारच्या आक्कांकडे असे. आक्का तमिळ, त्यांच्या दारात कायम कढीपत्त्याच्या फोडणीचा वास. संध्याकाळी दादा बोटाच्या पेरानं हलकेच तीनदा दार वाजवी, आणि आतून हाक येई, "आला का रे, हिरो?"

हौशी नाटकांतून तो एका चित्रपटात गेला. दक्षिणेकडून आलेल्यांची घरं जाळणाऱ्या टोळीची ती कथा. दादा तिचा म्होरक्या. दिग्दर्शकाला आरडाओरडा हवा होता. दादानंच सुचवलं, हा माणूस दार शेजाऱ्यासारखं वाजवेल. थिएटरच्या काळोखात तो आवाज आला, पेरानं, हलकेच, तीनदा... आणि माझ्या हातातला आक्कांचा हात गार पडला. नवी नवरी असताना अशाच एका जमावाच्या भीतीनं आक्का दाराला ट्रंक लावून बसल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी किल्ली त्यांच्या खिडकीबाहेर, नव्या खिळ्यावर.

"काय आक्का, किल्लीला हवा खायला बाहेर काढलीत?"

"तुला उशीर होतो ना रे... माझा डोळा लागतो," गजांआडून उत्तर आलं.

दादा हसला. घरात मात्र चहा निवेपर्यंत आपली बोटं न्याहाळत बसला. "काम चांगलं झालं गं माझं," म्हणाला, "वाट लागली ती तिथंच." नाक्यावरची पोरं खांद्यावर हात टाकत, "दादा, झकास! आपल्या इथंही एकदा होऊन जाऊ दे ना!" तो संतापून ओरडे, ती टाळ्या पिटत. त्यांना तोही अभिनयच वाटे. मग तो लांबच्या वाटेनं घरी येऊ लागला. माझं लग्न झालं, तरी "तू कधीही येशील" म्हणून सकाळी किल्ली स्वतःच खिळ्यावर अडकवी, संध्याकाळी काढून घेई. आक्कांचं दार त्यानं पुन्हा वाजवलं नाही.

निरोप आला त्या दिवशी मी पोचले, तर खिळा रिकामा होता. माझी मूठ आक्कांच्या दारापाशी अडखळली. किती हलकं वाजवावं, कळेना. वाजवलं. आत बांगड्या किणकिणल्या... थांबल्या. बऱ्याच वेळानं कडी सरकली.

पदराच्या गाठीतून किल्ली सोडवत आक्का म्हणाल्या, "कळलं तशी आत घेतली. त्यानं एकदा तरी वाजवायचं होतं गं. उघडलं असतं मी..." मग माझ्याकडे पाहत राहिल्या. "उघडलं असतं ना?"

किल्ली त्यांच्या अंगानं उबदार झाली होती. ती घेऊन मी आमचं दार उघडायला वळले.

किल्ली आता आक्कांच्याच घरात असते, खिळा तसाच आहे. मी जाते तेव्हा दाराबाहेर उभी राहून आधी माझं नाव सांगते... मग वाजवते.