आधी तह, मग न्याय

माझ्या थोरल्या बहिणीला मी एकदा फसवले, आणि ते बरीच वर्षे लपवून ठेवले.

एटापल्लीकडच्या तिच्या गावात जंगलातल्या बंदूकधाऱ्यांनी तिच्या नवऱ्याला पोलिसांचा खबऱ्या ठरवून मारले. त्याचे नाव त्यांच्यापर्यंत नेणारा माणूस गावातलाच होता. बहिणीला त्याच्याविरुद्ध कोर्टात उभे राहायचे होते. गावाला आणखी प्रेते नको होती. पंचांनी दोन्ही घरांना एका पंगतीत बसवायचे ठरवले. त्या गावात असे जेवण झाले की वैर मिटले. मग त्याबद्दल कोणी साक्षही देत नाही. दुसऱ्या गावाहून आलेल्या बहिणीला हे ठाऊक नव्हते. पंचांनी मला सांगितले होते.

शिकलेला भाऊ म्हणून तिला आणायला मलाच पाठवले. जेवण वेगळे, खटला वेगळा, असे मी तिला सांगितले. तिच्या पानावर भातही मीच वाढला.

पुढे ती साक्षीदारांच्या दारी गेली तेव्हा एकजण म्हणाला, “बाई, तू त्याच्यासंग जेवली. आता आम्ही काय बोलाव?”

त्यानंतर गावात कोणी मारले गेले नाही. हे खरे आहे, आणि या खऱ्याच्या आडोशाला मी आजवर राहिलो.

मी गोंडपिपरीला राज्यशास्त्र शिकवतो. परवा वर्गात दूरच्या दोन देशांच्या युद्धावर चर्चा चालली होती. एका मुलीने विचारले, तहासाठी ज्याला मानाने शेजारी बसवले, त्याला पुढे आरोपी म्हणून कोण उभे करणार? बंदुका थांबल्याशिवाय न्यायाला जागाच मिळत नाही, हे नेहमीचे उत्तर मी दिले. ते मला आजही चुकीचे वाटत नाही. पण ज्यांची माणसे मेली, त्यांना तहाची किंमत आधी सांगावी लागते, हे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही.

रविवारी बहिणीकडे गेलो. ती अंगणात वाळलेली मोहफुले निवडत होती. मी सगळे सांगितले.

“म्हणजे तुले ठाऊक होतं?”

“होतं.”

तिचे हात थांबले. “गावासाठी मी जेवलीही असती कदाचित. पण खरं सांगून मले विचारलं काऊन नाई?”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी म्हणालो, “बाई, मी तुह्यासंग खोटं बोललो. तुहा न्याय मी तुले न विचारता देऊन टाकला. मले माफ कर.”